सात नंबरची चूक

"आज्जी, तू या वहीत लोकांना शिव्या दिल्या आहेस का?"

गेल्या वसंतात माझ्या नातीने मला हे विचारलं, अ‍ॅमस्टरडॅमशेजारी अ‍ॅमस्टेलव्हीनच्या माझ्या स्वयंपाकघरात, अंगावरचं ओलं जॅकेटही न काढता. विचारलं इंग्रजीत. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तरं इंग्रजीत येतात आणि चिडली की डचमध्ये. इथे मी तिचं बोलणं मराठीत लिहिते आहे, कारण लेखणी माझ्या हातात आहे. लेखणी माझ्या हातात आली की काय होतं, तेच तर सांगायचंय.

तिच्या हातात सुपरमार्केटची पिशवी होती आणि पिशवीत विद्यापीठाच्या बेसबॉल टीमच्या जुन्या स्कोअरच्या वह्या. नात त्याच विद्यापीठात शिकते, त्याच टीममध्ये खेळते आणि टीमची सेक्रेटरी आहे. शेवटची सेक्रेटरी. उन्हाळ्यानंतर टीम बंद होणार होती. नऊ जण जमवता जमवता दरवर्षी नाकी नऊ येत होते, आणि आता मैदानावर विद्यार्थ्यांसाठी घरं उभी राहणार. त्याआधी एक निरोपाचा सामना आणि टीमच्या इतिहासाची एक छोटी पुस्तिका असं ठरलं होतं. पुस्तिका नातीने लिहायची. पण सुरुवातीच्या वर्षांच्या वह्या उघडल्या तर समासात सगळीकडे देवनागरी किडे-मुंग्या.

"शिव्या नाहीत गं," मी म्हटलं, "टिपणं आहेत." आणि चष्मा लावून वाचायला लागले.

'तीन नंबरच्या उंटाने आज पुन्हा चेंडू सोडला.' 'पंचाला दिसत नाही, ऐकूही येत नाही, फक्त भूक लागते.' 'वारा फार. पदर धरू की पेन?' 'पावसाने सामना थांबला. चिवडा संपला. चिवड्यासाठीच थांबले होते मेले.'

नात हसून हसून टेबलावर आडवी झाली. मीही हसले. बाई कोण होती ही? चोवीस वर्षांची, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, पार्सलला चिकटलेल्या पावतीसारखी. नोकरीची परवानगी नाही, डच येत नाही, सायकल येत नाही, आणि तरी सगळ्या जगाला मार्क देत बसलेली.

माझा नवरा तिथे दुधातल्या जंतूंवर संशोधन करायचा. टीम तेव्हा नुकतीच निघाली होती. अमेरिकेहून वर्षभरासाठी आलेला कुणी विद्यार्थी परत जाताना बॅटी आणि ग्लव्ह्जची एक पिशवी मागे ठेवून गेला, एवढंच टीमचं भांडवल. नववा गडी मिळेना, तेव्हा कुणीतरी प्रयोगशाळेत येऊन म्हणालं, "तुमच्याकडे क्रिकेट खेळतात ना? मग ये." हा गेला. पहिल्याच सामन्यात चेंडू झकास मारला आणि बॅट हातात घेऊनच पळत सुटला. क्रिकेटमध्ये पळतात तसा; बेसबॉलमध्ये बॅट टाकून पळायचं असतं. पहिल्या बेसवर, म्हणजे पळून गाठायच्या पहिल्या थांब्यावर, पोचून त्याने बॅट टेकवलीसुद्धा. तिथला खेळाडू घाबरून बाजूला झाला. त्याला वाटलं, हा मारायला आला. सगळं मैदान हसलं. मी सोडून. मी बाकावर बसून रागाने लाल झाले होते, आणि हसणाऱ्या एकेकाचं तोंड लक्षात ठेवत होते.

स्कोअर लिहायचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या वडिलांमुळे. त्यांना एका कानाने ऐकू येत नसे, म्हणून रेडिओवरची क्रिकेटची कॉमेंट्री मी ऐकायची आणि वहीत लिहून त्यांना दाखवायची. त्यामुळे सामना दिसला की हात शिवशिवायचे. बेसबॉलची वही शिकायला मला दोन रविवार लागले. प्रत्येक जागेला एक नंबर असतो: लांब डावीकडचं लेफ्ट फील्ड सात, मधलं सेंटर आठ, असे. मी बुद्धीचा सागर! मला वाटलं, शर्टावरही तेच नंबर हवेत. म्हणून सगळे शर्ट घरी आणून, रात्र रात्र जागून, एक ते नऊ आकडे शिवून टाकले. शर्टावर कोणताही आकडा चालतो हे मला कुणी सांगितलं नाही, आणि शिवल्यावर सांगायची कुणाची छाती झाली नाही. त्यामुळे आमच्या टीममध्ये माणूस उभा राहायचा तिथलाच नंबर पाठीवर घालायचा. माझा नवरा आठ. माझ्या बाकावरून पाहिलं की त्याच्या डावीकडे सात.

आणि मी पेनने लिहायची. बाकी सगळे स्कोअर लिहिणारे पेन्सिलने लिहितात, शेंडीला खोडरबर असलेल्या. मी म्हणायची, "माझी खाडाखोड होत नाही." हे एक डच वाक्य मी पाठच केलं होतं. सगळे मला स्कोअरबाई म्हणायचे आणि मी ते पदवीसारखं मिरवायची.

वही वाचता वाचता नातीने एक पान काढलं. "आणि इथे तू समासात काहीच लिहिलेलं नाहीस. हा सगळ्यात मोठा सामना होता ना? वरच्या गटात जायचा?"

मला पान बघायची गरज नव्हती.

"मी लिहून टाकलंय त्याचं," ती म्हणाली आणि लॅपटॉपवरून वाचून दाखवलं. टीम एका धावेने पुढे होती. समोरच्यांची शेवटची पाळी, दोन आउट. लेफ्ट फील्डरने हातातला झेल सोडला, दोन धावा गेल्या, आणि टीम वरच्या गटात जायची ती कधीच गेली नाही. "बिचारे आजोबा. शेजारीच उभे होते. चेंडू त्यांच्याकडे आला असता तर त्यांनी घेतला असता."

तिच्या खोलीत खुंटीवर आजोबांची निळी टोपी आहे. घाम लागून कडा पांढरी झालेली. ती धुऊ देत नाही कुणाला.

"पुस्तिका छापायला कधी जाणार?" मी विचारलं.

"पुढच्या शुक्रवारी."

"बरं," मी म्हटलं, आणि चहा टाकायला उठले. सत्तरी ओलांडलेली बाई, पण पळून जायची रीत तीच.

काय झालं होतं ते सांगते. ऊन उतरलं होतं, कालव्याकडच्या उंच झाडांच्या सावल्या मैदानात आल्या होत्या. चेंडू सात आणि आठच्या मध्ये उंच उडाला. दोघंही धावले. सात नंबर म्हणजे दक्षिणेतल्या ब्राबांटकडचा शेतकऱ्याचा मुलगा, गुरांचा डॉक्टर व्हायला शिकत होता. लाजरा, लांब हातापायांचा, आणि खेळताना एवढा आनंदी की माझ्यासारखीलाही त्याच्यावर टिपण सुचत नसे. तो पोचायला दोन हात कमी पडला. माझा नवरा पोचला. झेल ज्याने घ्यायचा तो ग्लव्ह डाव्या हातात होता. पण त्या क्षणी त्याच्यातला मैदानावरचा क्रिकेटचा पोरगा जागा झाला आणि त्याने उजवा, उघडा हात पुढे घातला. चेंडू तळव्यावर आपटून उडाला आणि दोघांच्या मध्ये गवतात पडला.

लांबून बाकीच्यांना एवढंच दिसलं की दोघं एका जागी गेले आणि चेंडू खाली आला. मला नीट दिसलं. माझी नजर नवऱ्यावरून हलतच नसे.

चूक कुणाची हे पंच सांगत नाही. ते स्कोअर लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं, त्याच क्षणी, त्या इवल्याशा चौकोनात. मी पेन उचललं आणि 'E7' लिहिलं. ई म्हणजे चूक. सात म्हणजे सात नंबर.

का? त्या शहाणीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, त्यांना अजून एकदा हसू द्यायचं नव्हतं. तोवर बॅट घेऊन पळण्याची नक्कल विद्यापीठाच्या कँटीनमध्येसुद्धा होत होती. शिवाय आदल्याच आठवड्यात तिने आईला पत्र लिहिलं होतं की इकडे यांच्यावाचून टीमचं पान हलत नाही. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर आज जरा बरं वाटलं असतं.

मग आमची शेवटची पाळी झाली. तिघं गेले, तिघं आउट होऊन आले. सामना संपल्यावर कॅप्टन माझ्याजवळ आला. "कुणाचा होता तो?" मी वही त्याच्यापुढे केली. सगळे वाकले. सात नंबरही वाकला. त्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि मान हलवली, बाई बरोबर सांगतायत अशी. माझा नवरा दोन पावलं मागे उभा होता. तो काही बोलेल असं मला वाटलं. मी खोडेन असं त्याला वाटलं असावं.

त्या रात्री जेवताना मी म्हटलं, "हाताला लागलंय का हो? सुजलाय."

"नाही," तो म्हणाला. "भाजी छान झालीये."

आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. सात नंबर पुढच्या हंगामात आला नाही. माझा नवराही खेळला नाही. म्हणाला, गुडघा दुखतो. पण टीम त्याने सोडली नाही. दर वसंतात मैदान आखायचं काम त्याने घेतलं. चुन्याची गाडी ढकलत पांढऱ्या रेघा ओढायच्या, गवत कापायचं, बेस धुवायचे. दुखऱ्या गुडघ्याने तीसेक वर्षं. लोक म्हणायचे, काय हौस आहे! मीही म्हणायची.

शेवटच्या आजारात एका दुपारी मी त्याला संत्र्याच्या फोडी सोलून देत होते. तो म्हणाला, "अगं, सात नंबर आता कुठे असतो, माहितीये का तुला?"

"कोण सात नंबर?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "काही नाही," म्हणाला. "बिया काढ गं नीट."

तेव्हा मी पासष्टीच्या पुढची होते. म्हणजे ती चोवीस वर्षांची मूर्ख होती असं म्हणून सगळं तिच्यावर टाकता येत नाही.

नातीकडे जुन्या खेळाडूंची यादी होती, निरोपाच्या सामन्याच्या आमंत्रणासाठी. सात नंबरचा पत्ता न्यूनेनचा होता. आमंत्रण पाठवलेलं, उत्तर नाही. मी त्याला दोन ओळींचं पत्र टाकलं की भेटायचं आहे. उत्तर आलं: 'मंगळवारी. कॉफीला. साडेदहा.' डच माणूस रागावलेला असला तरी वेळ देतो.

ट्राम, मग आइंडहोव्हनपर्यंत ट्रेन, मग बस. पर्समध्ये चिवड्याची पुडी घेतली होती. कबुली द्यायला निघालेली बाई, आणि सोबत चिवडा! वाटेत तीनदा वाटलं, परत फिरावं.

दार त्यानेच उघडलं. वाकला होता, पण हात तेवढेच लांब. "स्कोअरबाई," तो म्हणाला आणि हसला. बायको गेल्यापासून एकटाच राहतो. मुलगी दोन गल्ल्या सोडून. आयुष्यभर गुरांचा डॉक्टर होता. त्याने कॉफी दिली, डब्यातून एक बिस्किट दिलं आणि डबा बंद करून ठेवला. इतकी वर्षं या देशात काढली, पण ते डब्याचं झाकण लागलं की मला अजून धक्का बसतो.

मी विषय फिरवत बसले नाही. मला माहीत होतं, फिरवला तर चिवडा देऊन घरी येईन.

"तो चेंडू तुमच्या ग्लव्हला लागला नव्हता," मी म्हटलं. "तुम्ही पोचलाच नव्हता. तो माझ्या नवऱ्याच्या हातातून पडला. मी पाहिलं होतं. तरी तुमचा नंबर लिहिला."

 मग त्याने डावा पंजा उताणा करून टेबलावर ठेवला आणि अंगठ्याच्या बुडाशी बोट टेकवलं.

"इथे लागला," तो म्हणाला. "मला आठवतंय."

"नाही लागला."

"त्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं. की मी पोचलो नाही. मग वही पाहिली." तो पंजाकडेच बघत होता. "तुम्ही पेनने लिहायचात. पंचाच्या चुका काढायचात. मी म्हटलं, स्कोअरबाईने लिहिलंय म्हणजे लागला असणार. त्या रात्री जरा जरा आठवायला लागलं. नंतर तर स्पष्टच." त्याने बोटं मिटून उघडली. "मी जन्मभर गाईच्या पोटात हात घालून, न बघता, वासरू कसं आहे ते सांगत आलो. माझा हात कधी चुकला नाही. आणि मला तो चेंडू अजून इथे जाणवतो."

इतकी वर्षं झाली तरी माझं डच मोडकंच, पण 'माफ करा' एवढे दोन शब्द मला नीट येतात. मी ते म्हटले. त्याने ते ऐकले की नाही कोण जाणे.

"मग मी खेळणं का सोडलं?" त्याने विचारलं. मला नव्हे. टेबलाला विचारल्यासारखं. "मला खेळायला फार आवडायचं."

बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र सुरू होतं. 

"तुमचा नवरा मला कार्डं पाठवायचा," तो मग म्हणाला.

"कोण? माझा नवरा?"

"दर वसंतात एक. वर्षानुवर्षं. एकच वाक्य असायचं. 'मैदान आखलं आहे, ये.' खाली सही." त्याने कप बशीत ठेवला. "मी एकालाही उत्तर दिलं नाही. मला वाटायचं, हा मला खिजवतोय. सगळी फेकून दिली. शेवटी मीच त्याला एक लिहिलं, की पुरे आता. मग बंद झाली."

मी चिवड्याची पुडी टेबलावर ठेवली आणि उठले. बसवेना. चाळीस वर्षं एका छताखाली काढली त्या माणसाबरोबर. त्याचे मोजे कोणते, गोळ्या कोणत्या, हे सगळं मला पाठ. आणि तो दर वसंतात टपालपेटीपाशी जात होता, हे मला माहीत नाही. त्याला खरं लिहिता आलं असतं. पण खरं लिहायचं म्हणजे बायकोने खोटं लिहिलं हेही लिहावं लागलं असतं. म्हणून नुसतं, मैदान आखलं आहे, ये.

दारात मी त्याला विचारलं, "पुस्तिकेत बदलू ना?"

"तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "लिहिणाऱ्या तुम्ही आहात." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर परतीच्या ट्रेनमध्ये मला निदान भांडायला कुणीतरी मिळालं असतं.

नातीला त्याच संध्याकाळी सांगितलं. सगळं, कार्डांसकट. तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "आजोबांना माहीत होतं?"

"हो."

"आणि ते तिथेच उभे होते? काहीच बोलले नाहीत?"

"नाही बोलले."

"तू तरी बोलायचंस ना आज्जी!" आणि मग ती डचमध्ये सुरू झाली, म्हणजे मी ऐकून घ्यायचं. ऐकलं. तिचं बोलणं संपल्यावर ती रडत होती, आणि आवाज अगदी लहान करून तिने विचारलं, "हे छापलंच पाहिजे का? आता ते दोन नंबर कुणाला आठवतायत?"

हे मात्र तिने माझ्याकडून घेतलेलं दिसतंय.

"त्याला आठवतंय," मी म्हटलं. "आण ती वही."

मी पेनच घेतलं. 'E7' वर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी 'E8' लिहिलं. आठ जरा वेडावाकडा आला. त्या सगळ्या वह्यांमधली ती एकच खाडाखोड. पुस्तिकेत नातीने झेल कुणाच्या हातून सुटला ते लिहिलं, आणि त्यापुढे मी सांगितलेलं एक वाक्य घातलं: स्कोअर लिहिणाऱ्या बाईंनी हे पाहिलं होतं आणि जाणूनबुजून दुसऱ्याच्या नावावर लिहिलं. माझा उल्लेख करताना तिने 'माझी आज्जी' असं लिहिलं नाही. मी तसं लिही म्हटलंही नाही. टोपी मात्र खुंटीवर तशीच आहे. मी गेल्या आठवड्यात हळूच बघून आले.

पुस्तिका छापून आल्यावर मी एक प्रत न्यूनेनला पाठवली. सोबत एक कार्ड. त्यावर काय लिहावं हे तीन दिवस सुचेना. शेवटी नवऱ्याचंच वाक्य उतरवलं, फक्त 'ये'च्या जागी 'या' केलं, आणि सामन्याची तारीख घातली.

निरोपाच्या सामन्याला ऊन होतं, वारा होता, आणि आमचे आठच गडी होते. टीम जशी सुरू झाली होती तशीच संपत होती, एक माणूस कमी. नात सेंटरला उभी राहिली, आजोबांच्या जागेवर. कॅप्टनने विचारलं, कोणती जागा रिकामी ठेवायची? नात म्हणाली, लेफ्ट फील्ड. माझ्याकडे न बघता.

मला मानाने बाकावर बसवून वही दिली होती. मी घरून पेन्सिल घेऊन गेले होते. गड्यांची नावं लिहिली, आणि सातपुढची ओळ कोरी ठेवली. डावीकडे जे जे चेंडू गेले ते नुसते गवतात पडत राहिले. तिथे कुणी उभं नव्हतं, म्हणून चूक कुणाचीच लिहायची नव्हती. दर वेळी नात सेंटरवरून धावत जायची, चेंडू उचलून फेकायची आणि फाटकाकडे एकदा बघायची. मीही बघत होते. पाचव्या पाळीपर्यंत, सहाव्या, सातव्या. फाटकाशी सायकली येत होत्या, जात होत्या. शेवटचा आउट झाल्यावर पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली आणि मी वही मिटली नाही, जरा वेळ तशीच उघडी मांडीवर ठेवली, न जाणो.